एकशे आठ टप्पे

कोल्हापूरकराला अंतर विचारलं की तो किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. आणि वेळ सांगताना गाडी आपणच चालवणार हे गृहीत धरतो.

"पुणं? चार तास. मी चालवली तर तीन."

"वाटेत चहाला थांबत नाही काय?"

"थांबतो की. ते धरायचं नसतंय."

चहा धरायचा नाही. डिझेल धरायचं नाही. टोलनाक्यावरची रांग आणि तिथल्या माणसाशी घातलेला वाद धरायचा नाही. खंबाटकी घाटात ट्रक आडवा असेल, तर ती वेळ ट्रकवाल्याची. हे सगळं वजा करून उरतो तो प्रवास. या हिशेबानं आमच्या गल्लीतली काही माणसं निघण्याआधीच पोहोचलेली आहेत.

विमानानं या मंडळींची पंचाईत केली. तिथं गाडी दुसराच चालवतो आणि तो चहाला थांबत नाही. तसं विमान आम्हाला नवं नाही. उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ सालचं, राजाराम महाराजांच्या काळातलं. तेव्हापासून 'विमानाचं काय कौतुक, ते आमच्याकडं कधीचं आहे' असं आम्ही पाहुण्यांना सांगत आलो, आणि सांगून झालं की त्यांना एसटीत बसवून देत आलो. २०१९ मध्ये कोल्हापूरहून तिरुपतीला थेट विमान सुरू झालं आणि ही थाप खरी करून दाखवण्याची वेळ आली.

तिरुपती आणि कोल्हापूर यांचं नातं जुनं, म्हणजे विमानतळाच्याही आधीचं आहे. कथा अशी सांगतात, की भृगु ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णूनं राग न धरता उलट त्यांचाच पाय चेपला. छातीवर राहणारी लक्ष्मी मात्र रुसली आणि थेट करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, येऊन राहिली. तीच आमची अंबाबाई. तिच्या मागं निघालेले देव तिरुपतीच्या व्यंकटगिरीवर थांबले. नवरात्रात तिकडच्या देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो आणि बालाजीचं दर्शन झालं की इकडं आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं लोक मानतात. तेव्हा कोल्हापूर ते तिरुपती हे अंतर मुळात एका रुसव्याचं अंतर आहे. ते नक्की किती, हे मोजायचं आमच्या पुतण्याच्या मनात आलं आणि घराची शांतता गेली.

"सरळ रेषेत साधारण साडेसहाशे किलोमीटर," तो मोबाइलमध्ये बघून म्हणाला. "म्हणजे साडेतीनशे सागरी मैल."

"वाटेत समुद्र कुठं लागतोय?" मामांनी विचारलं.

मामा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. आयुष्यभर काचेच्या खिडकीआड बसून त्यांनी लोकांना 'येईल' एवढ्या एका शब्दावर तासन् तास उभं ठेवलं आहे. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर, आणि विमानवाले बोटवाल्यांचंच माप वापरतात, हे पुतण्यानं त्यांना समजावलं. मामांना ते पटलं नाही. एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला.

"एकशे आठ टप्पे," ते म्हणाले आणि थबकले. "आगं आई! जपमाळच की ही!"

वर दोन किलोमीटर उरत होते. टप्पा सुरू झाला की पूर्ण धरायचा, हा एसटीचा नियम. त्यानं एकशे नऊ होतात. पण पुण्याच्या कामात अशी घासाघीस करू नये म्हणून मामांनी ते दोन किलोमीटर सोडून दिले. नोकरीत त्यांनी प्रवाशाला दोन रुपये कधी सोडले नव्हते.

यावर आत्यानं एकच प्रश्न विचारला. "हरिप्रिया बंद झाली काय?"

हरिप्रिया एक्स्प्रेस कोल्हापुरातून दुपारच्या सुमाराला निघते. मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला पोहोचते. आत्याच्या मते देवाकडं जाण्याचा हाच वेग आहे. त्यापेक्षा लवकर पोहोचलं तर देवाला आपण कुणीतरी पाठवलेले वाटतो. ती रेल्वेनं पुढं जाणार आणि आम्ही दुसऱ्या दिवशी विमानानं, असं ठरलं. मामा मनातून खूश झाले. आईकडचे विमानात आणि वडिलांकडचे रेल्वेत, हे दृश्य बघायला त्यांनी पन्नास वर्षं वाट पाहिली होती.

तिकिटं आली आणि नवी भानगड निघाली. पुतण्याचा मोबाइल म्हणत होता, उड्डाणाला एक तास वीस मिनिटं. तिकीट म्हणत होतं, पावणेदोन तासांच्या आसपास.

"मधली पंचवीस मिनिटं कुठं गेली?" मामांच्या आवाजात खातेनिहाय चौकशीची धार आली.

गणित सोपं होतं. आमचं पंख्याचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं. साडेसहाशेला पाचशेनं भागलं की मोबाइलचं उत्तर येतं. मोबाइलचं विमान मात्र कोल्हापूरच्या आकाशातून पूर्ण वेगातच सुटतं आणि तिरुपतीच्या आकाशात गपकन थांबतं. खरं विमान आधी जमिनीवर रांगतं, धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळतं, चढताना दमानं चढतं, उतरताना वळसा घेतं. आणि कंपनीची वेळ मोजतात ती चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पलीकडच्या गावात ठोकळे लावेपर्यंत.

"उटी!" मामा उजळले. घाटात गाडी उभी केली की चाकाखाली दगडाची उटी लावायची, हे त्यांना पाठ होतं. "उटी काढल्यापासून उटी लावंपर्यंत. असं सरळ सांगायचं की मग."

शिवाय कंपन्या थोडी वेळ मुद्दाम वाढवून धरतात, म्हणजे उशिरा सुटूनही वेळेवर आल्यासारखं दिसतं. आणि ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत आलेलं विमान या धंद्यात वेळेवरच मानतात, हेही पुतण्यानं सांगितलं. मामा बराच वेळ गप्प बसले.

"हा नियम आमच्या टायमाला असता," शेवटी ते म्हणाले, "तर माझी एक वेतनवाढ वाचली असती."

बायकोचा हिशेब याहून वेगळा होता. तिच्या मते प्रवास सुरू होतो तो माळ्यावरची बॅग काढताना. हातात सात किलो आणि विमानाच्या पोटातल्या सामानात पंधरा किलो, एवढंच चालतं म्हटल्यावर तिनं वजनकाटा आणवला. माझे कपडे आधी कमी झाले. मग माझी पुस्तकं. मग मला सुचवण्यात आलं, की मीही थोडा कमी झालो तर बरं. देवीला आणि देवाला द्यायचे नारळ, घरचं कांदा-लसूण तिखट, प्रसादाचं सुकं खोबरं असा ऐवज सात किलोंच्या बॅगेत गेला. विमानाच्या सुरक्षेचं शास्त्र नेमकं इथंच कोल्हापूरशी भिडतं. तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही, कारण ते शस्त्र आहे. सुकं खोबरंही चालत नाही. त्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते ज्वालाग्राही मालात मोडतं.

तपासणीच्या पट्ट्यावर आमची बॅग थांबली.

"यात काय आहे?"

"तिखट आणि खोबरं," बायको म्हणाली.

तपासणीस इथलाच असावा. त्यानं बॅगेकडं अत्यंत आदरानं पाहिलं. "वहिनी, हे दोन्ही एकत्र? हा तर रस्सा झाला."

रस्सा जमिनीवर राहिला. मामांनी त्याबद्दल पावती मागितली.

प्रतीक्षागृहात सगळ्या खुर्च्या काचेकडं तोंड करून होत्या. काचेपलीकडं धावपट्टी होती, धावपट्टीपलीकडं ऊस होता, आणि विमान नव्हतं. लहान गावाच्या विमानाला स्वतःचं घर नसतं. तेच एक विमान सकाळपासून तीन-चार गावं फिरत येतं. पहिल्या गावात धुकं पडलं की शेवटच्या गावात लख्ख उन्हात लोक घड्याळ बघतात. पडद्यावर वेळ बदलली. मग पुन्हा बदलली. मामा पडद्यासमोर हात मागं बांधून उभे राहिले. चौकशीच्या खिडकीच्या चुकीच्या बाजूला ते जन्मात पहिल्यांदाच आले होते.

"विमान कधी लागंल हो?" त्यांनी विचारलं.

"येईल, काका," खिडकीतली मुलगी गोड हसून म्हणाली.

मामा परत येऊन बसले. "पोरगी तयार आहे," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, जाणकाराची दाद होती.

तेवढ्यात आत्याचा फोन. "पोचले रे. आंघोळ झाली. इडली खाल्ली. तुम्ही कुठवर आलाय?"

"उजळाईवाडी," मी म्हणालो.

"ते कुठल्या राज्यात येतं?" असं विचारून, ती माझ्याच वडिलांची सख्खी बहीण आहे, याची आत्यानं मला आठवण करून दिली.

विमान आलं. पंख वरच्या अंगाला, दोन बाजूंना दोन पंखे, प्रत्येकाला सहा पाती. शेजारच्या रांगेतल्या आजींनी 'पंखा बाहेर का लावलाय, आत उकडतंय' अशी तक्रार नोंदवली. मामांनी हट्टानं पहिल्या ओळीतली जागा घेतली होती. ड्रायव्हरच्या मागची शीट म्हणजे मानाची. या जातीच्या विमानात प्रवाशांचं दार मागं असतं आणि पुढच्या बाजूला सामान. मामा सगळ्यांच्या पिशव्या ओलांडत, सगळ्यांच्या गुडघ्यांना नमस्कार करत पुढं पोहोचले, आणि आपल्यासमोर ड्रायव्हर नसून बॅगांची खोली आहे हे कळल्यावर, 'पार्सल डबा' एवढंच म्हणून खाली बसले.

आता माझ्याविषयी. हवाई अंतर, सागरी मैल, उटी हे सगळं मला कागदावर छान समजतं. विमान जमीन सोडतं त्या क्षणी माझी समज जमिनीवरच राहते. मी खुर्चीचे हात धरले आणि व्यंकटेश स्तोत्र सुरू केलं. देवीदासांच्या या स्तोत्राच्या ओव्या १०८. टप्पेही १०८. ताशी पाचशेच्या वेगानं एक टप्पा त्रेचाळीस सेकंदांत पार होतो, म्हणजे टप्प्याला एक ओवी या चालीनं शांतपणे म्हटलं असतं तर शेवटची ओवी बरोबर तिरुपतीच्या, म्हणजे रेणिगुंट्याच्या, धावपट्टीवर संपायला हवी होती. हे गणित मीच मांडलं होतं. प्रत्यक्षात विमान ढगातून दोनदा हादरलं आणि माझं स्तोत्र तुंगभद्रा धरण यायच्या आत संपलं. कोल्हापूर ते तिरुपती सरळ रेघ ओढली, तर ती त्या धरणाच्या जवळून जाते. म्हणजे निम्मी वाटही झाली नव्हती. पुढचा सगळा प्रवास मी विनाकवच केला.

"किती वेळ राहिला?" मी हवाईसुंदरीला विचारलं.

"बस, पोचतोच आहोत," ती म्हणाली. हे ती उडाल्यापासून सांगत होती.

विमान रेणिगुंट्याला टेकलं. मामांनी घड्याळ पाहिलं आणि खिडकीला नाक लावून बसले. चाकाला उटी लागल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत त्यांनी पट्टा सोडला नाही. मग जाहीर केलं, "पावणेदोन तासाला पाच मिनिटं कमी!" विमान सुटायला झालेला उशीर त्यात नव्हता. तो धरायचा नसतो. दार मागं असल्यामुळं पहिल्या ओळीतले मामा सगळ्यांत शेवटी उतरले. तीही वेळ त्यांनी धरली नाही.

विमानानं पोहोचलेल्या माणसाला देवस्थान वेगळं ओळखत नाही, हे फार बरं आहे. रेणिगुंट्याहून तिरुपती, तिथून अलिपिरीचा नाका, मग सात डोंगरांचा घाट. वर जाणारी वाट वेगळी, खाली येणारी वेगळी. पायी जाणाऱ्यांना साडेतीन हजारांवर पायऱ्या. आणि मग रांग. तीनशे रुपयांच्या तिकिटाची रांग, फुकट दर्शनाची रांग, मोठमोठ्या दालनांत बसून पुढं सरकायची रांग. ताशी पाचशेनं आलेले आम्ही ताशी पाच पावलांवर आलो. आमच्यापुढं मुंबईहून आलेले एक गृहस्थ होते, मागं चेन्नईहून मोटारीनं आलेलं एक कुटुंब आणि त्यामागं अनवाणी पायऱ्या चढून आलेले लोक. सगळ्यांचा वेग एक. तासांवर तास गेले आणि इतका वेळ पडद्याकडं बघून चिडणारे मामा इथं एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

"मामा, इथं वेळ मोजत नाही?" मी विचारलं.

"इथं उटी कुठाय लेका," ते म्हणाले आणि दोन पावलं सरकले.

गाभाऱ्यासमोर आलो. एवढ्या सगळ्या टप्प्यांच्या शेवटी देव समोर होता. मी डोळे मिटले, आणि नेमके तेवढ्यात 'जरगंडी, जरगंडी' म्हणजे पुढं चला म्हणत सेवकांनी मला पुढं सरकवलं. डोळे उघडले तेव्हा समोर मामांची पाठ होती. अशा वेळी डोळे मिटायचे नसतात, हे तिथं जाऊन आलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः मिटतो.

आत्या बाहेर लाडू घेऊन बसली होती. तिचं दर्शन दुपारीच झालं होतं.

"आक्का, किती तास लागले रेल्वेला?" मामांनी खोचक विचारलं. "वीस?"

"छे! दुपारी बसले, दशम्या खाल्ल्या, बायकांशी बोलले. रात्रभर झोपले. सकाळी उठून बघते तर तिरुपती." आत्यानं लाडू मोडला. "जेवणं आणि झोप तर घरीही करतोच की आपण. प्रवास असा झालाच नाही."

मामांना उत्तर सुचलं नाही. पावणेदोन तासांना शून्यानं हरवलं होतं.

परतीला आत्या आमच्याबरोबर विमानानं आली. विमानतळाच्या दाराशी मामा आणि पुतण्या आधार कार्ड घेऊन उभे राहिले. दोघांनी केस वाहिलेले. दारावरच्या जवानानं कार्डावरचा भांग बघितला, समोरचा गोटा बघितला, मागची सगळी चकाकती रांग बघितली आणि निःश्वास सोडून दोघांना आत सोडलं. त्या दारावर ओळख पटवण्याचं काम बहुतेक कानांवरून चालत असावं.

आत्याला विमान आवडलं नाही. तिनं खिडकी घेतली, पदर खोचला, डबा उघडला, दुसऱ्या दशमीला हात घातला आणि पट्टे आवळायची घोषणा झाली.

"एवढ्यात आलं?"

"आलं की आत्या. विमान आहे."

"पैसे रेल्वेपेक्षा जास्त घेतात," ती म्हणाली, "आणि प्रवास एवढाच देतात? मागून घ्या परत."

उजळाईवाडीहून सामानासकट थेट अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. यात्रा पुरी करायची होती. गाडी कावळा नाक्यापर्यंत बरी आली, पुढं संध्याकाळच्या गर्दीत अडकली. वर आडवं जायला मोकळं आकाश होतं, खाली आडवी आलेली म्हैस होती. महाद्वारात फुलवाल्या मावशींनी आमचे गोटे बघितले आणि न विचारताच कमळांची परडी पुढं केली.

"तिरुपती झालं वाटतं? रेल्वेनं?"

"विमानानं," मामा टोपी सारखी करत म्हणाले.

"आगं बया! किती वेळ लागतो वो?"

"पावणेदोन तास."

"जाऊन-येऊन?"

आत्यानं मामांकडं रोखून पाहिलं. बायकोनं पाहिलं. पुतण्या मोबाइल काढू लागला. मामांनी क्षणभर आकाशाकडं बघून काहीतरी बेरीज-वजाबाकी केली. रांग वजा, घाट वजा, प्रतीक्षागृह वजा, मुक्काम वजा.

"व्हय," ते म्हणाले. "दर्शनासकट."